पौषात वामनराव नसत

रेवा आणि ईशान,

मागच्या सोमवारी व्हिडिओ फोनवर बोलताना रेवाने माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, पणजीच्या डोक्यावर तो पक्षी कोणी एडिट केलाय?" ईशान म्हणाला, केलंय मात्र छान, कड कुठेच दिसत नाही. तुमची शाळेची वेळ झाली होती आणि ही दोन मिनिटांत सांगण्याची गोष्ट नव्हती, म्हणून मी नुसती हसले. तो पक्षी कोणी घातलेला नाही. पक्षी खरा, पणजी खरी, आणि दोघं एका फिल्मवर आली ती एका माणसाच्या चुकीमुळे. त्या माणसाबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. तुमचे आजोबा गेल्यापासून आमच्या आळीत त्याला नीट ओळखणारी मी एकटीच उरले आहे. म्हणून आता लिहिते.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निबंधाला आरंभ, मध्य आणि शेवट हवा, असं मुलांच्या मागे लागून सांगितलं. वामनराव मेथे मात्र तसे ओळीत बसणारे नव्हते. जमेल तसं सांगते. अडेल तिथे आईला विचारा, पण तिचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा की या गोष्टीत नुकसान तिचं झालं होतं.

वामनरावांचा महाडच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. उंच, किडकिडीत माणूस. डावा डोळा सवयीने अर्धा मिटलेला, त्यामुळे नवख्याला वाटे, हा आपल्याकडे संशयाने बघतोय. भिंतीवर धबधब्याचा रंगवलेला पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीला एक काळा कोट. कोट एकच. बारीक माणसाला तो मागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी घट्ट करायचा आणि जाड्याला पुढून नुसता पांघरायचा. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत लागलेली मुलं ओळखपत्राच्या फोटोसाठी पाळी सुटली की घोळक्याने येत, आणि सगळी त्याच कोटात साहेब होऊन जात. महाड-पोलादपुरातल्या कितीतरी घरांत जावयांचे फोटो त्या कोटातले आहेत. आपले आजोबाही त्यातून सुटले नाहीत. त्यांचा स्वतःचा वकिलीचा कोट धुवायला गेला होता.

दुसरे फोटोग्राफर "हसा" म्हणतात, तसं वामनराव कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, "श्वास सोडा." समोरचा गोंधळून श्वास सोडे, खांदे खाली येत, आणि तेवढ्यात खट् आवाज होई. "माणूस श्वास धरतो तेव्हा तो दुसराच कोणीतरी असतो, बाई," ते मला सांगत. शिक्षिका म्हणून सगळं गाव मला बाईच म्हणे. "सोडला की घरचा होतो."

त्यांची आणखी एक सवय आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडलं. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागे. रोलच्या डबीतून फिल्मचं टोक बाहेर आलेलं असे, त्याला ते जीभ म्हणत. रोल संपला की फिल्म डबीत परत गुंडाळायची. बाकीचे लोक जीभसुद्धा आत जाऊ देत, म्हणजे वापरलेला रोल चुकून परत घातला जात नाही. वामनराव जीभ बाहेरच ठेवत. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या दिवसांत ते स्वतः अंधारखोलीत फिल्म धूत, तेव्हा तसं सोयीचं पडे. ती सवय गेली नाही. मग कोरा रोल कुठला आणि भरलेला कुठला, हे कळायचं कसं? तर भरलेल्या रोलची जीभ ते दातांनी चावून ठेवत. दातांची खूण म्हणजे रोल भरलेला. लग्नाच्या गर्दीत एका हाताने कॅमेरा सांभाळत, दुसऱ्या हाताने रोल तोंडाशी नेऊन कचकन चावणारे वामनराव मी कितीदा पाहिलेत. त्यांची बायको सुमन म्हणायची, "आमच्याकडे रोल चांगला का वाईट ते चाखून ठरतं."

आता पौषाचं सांगते. तुम्हाला महिन्यांची नावं येत नसतील. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे माणसांची लग्नं सुरू होतात, आणि साधारण जानेवारीत पौष लागला की थांबतात. पौषात शुभकार्य करत नाहीत. वाजंत्रीवाले, आचारी, फोटोवाले सगळे मोकळे. इतर लोक या दिवसांत दुकानाला रंग देत, नातेवाइकांकडे जात. वामनराव समुद्रावर जात.

पहिल्यांदा कशाला गेले, ते मला माहीत नाही. माझी ओळख झाली तेव्हा रिवाज पडून गेला होता. पौष लागला की लांब नळकांड्यासारखं भिंग कपड्यात गुंडाळून ते एसटीने बागमांडल्याला जात. आपल्या गावाजवळून वाहणारी सावित्री तिथे समुद्राला मिळते. रात्री लक्ष्मण तांडेलाच्या पडवीत झोपायचं आणि पहाटे त्याच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी जायचं. मासेमारीच्या होड्या त्या वेळी परत येत असतात, जाळी झाडत असतात, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचे थवे असतात. त्यांना कुरव म्हणतात. थंडीपुरते येतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेकडे निघून जातात. तांडेल त्यांना नुसतं पाखरं म्हणे.

असे आठ-दहा दिवस जाऊन, उन्हाने काळे होऊन वामनराव परत येत. त्या दिवसांत तालुक्यात कुठल्याही साहेबाच्या हस्ते कशाचंही उद्घाटन असो, सुमनचं उत्तर ठरलेलं: "पौषात ते नसतात." एका अधिकाऱ्याने तिला चिडून विचारलं होतं, "म्हणजे दर पौषात यांच्या घरी सुतक असतं का?" ती म्हणाली, "सुतक नाही हो, बाळंतपण. पण अजून काही जन्माला आलेलं नाही."

कारण वामनरावांना एकच फोटो हवा होता आणि तो मिळत नव्हता. उडता कुरव, पंख वर गेलेले आणि डोळा स्पष्ट. हिवाळ्यात या पक्ष्याचं डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे काजळाचा ठिपका उरतो. फोटोत तो ठिपका दिसतो आणि डोळा हरवतो. पंख मिळाले तर डोळा नाही, डोळा मिळाला तर पंख कापलेले. दरवर्षी ते फोटोंचा गठ्ठा घेऊन आमच्या ओसरीवर येत. मी म्हणे, किती सुंदर आहेत! ते एकेक बाजूला टाकत: "आंधळा. आंधळा. हाही आंधळा."

एकदा मी विचारलं, "वामनराव, तुमच्या हाताखालून एवढी माणसं गेली. या एका पक्ष्याचं काय घेऊन बसलात?"

ते म्हणाले, "बाई, जन्म गेला 'बसा, मान वर, हलू नका' म्हणण्यात. सगळे बसलेलेच काढले. एक तरी असा काढून जावं, ज्याला मी बस म्हटलेलं नाही."

एरवी वर्षभर ते या एका फोटोची तालीम करत. संध्याकाळी चवदार तळ्याच्या काठी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून कावळ्यांच्या मागे खांदे फिरवत. पोरं म्हणत, "मेथेकाका कावळ्यांचं लग्न लावतायत." कावळे कमी पडले की ट्रक. पोलादपूरला मी परीक्षेच्या कामाला जात असे, तेव्हाची गोष्ट. हे गृहस्थ हमरस्त्याच्या कडेला उभे, आणि कशेडी घाट उतरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवर कॅमेरा रोखून सर्रकन फिरतायत. एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर उतरला, लुंगी खोचत.

"काय ओ, नंबर घेताय काय? कुठल्या हापिसातले?"

"हापिसातला नाही. तुमचा डोळा बघत होतो."

"माझा डोला? माझ्या डोल्याला काय झालाय?"

"काही नाही. ट्रक पळत असताना तो स्पष्ट दिसतो का, ते बघायचं होतं. मला पाखरांचे फोटो काढायचेत, त्याचा सराव."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी छत्री घेऊन एसटीची वाट बघत उभी होते. "बाई, हे तुमच्यातले काय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मंग माजा काडा एक फोटू," तो म्हणाला, "पन उभ्यानं. गाडीसंगती. पाखरू नाय मी." वामनरावांनी त्याला ट्रकपुढे उभं केलं आणि म्हणाले, "श्वास सोडा." तो माणूस पुढे कितीतरी वर्षं घाट उतरला की स्टुडिओपाशी हॉर्न वाजवून जायचा. सुमन चहाचं आधण वाढवायची.

आता तुमच्या आईचं लग्न. ते माघात होतं, म्हणजे पौष संपल्यावर लगेच. फोटो अर्थातच वामनरावांचे. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या कुठल्याही मंगलकार्यात पुढे येत नसत. कोणी अडवत नव्हतं. आम्ही तर हाताला धरून ओढत होतो. पण त्यांच्या मनाने घेतलं होतं. फोटोच्या वेळी त्या हमखास आत असायच्या. लग्नादिवशीही त्या आतल्या खोलीत लाडवांच्या पाट्या राखत बसल्या होत्या. गौरीहर पुजून झाल्यावर शुभदा नवरीच्या वेषात त्यांच्या पाया पडायला आत गेली. वामनराव तिच्या मागोमाग गेले. आत काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. बाहेर फक्त हसण्याचा मोठा आवाज आला. सासूबाईंना एवढ्या मोठ्याने हसताना मी फार थोड्या वेळा ऐकलं होतं.

लग्न झालं, शुभदा पुण्याला सासरी गेली. रंगीत रोल धुवायला मुंबईला पाठवावे लागत. एका दुपारी वामनराव आले. नेहमी ते हाका मारत येत. त्या दिवशी पायरीपाशी उभेच राहिले. मी आणि सासूबाई ओसरीवर वाल सोलत होतो.

"बाई," ते म्हणाले, "एक रोल गेला."

"गेला म्हणजे? हरवला?"

"हरवला असता तर बरं होतं."

त्यांनी पाकीट उघडून फोटो चौरंगावर मांडले. आधी मला काही कळेचना. पांढरं, धुरकट, आणि त्यात कुठे मुंडावळ्यांची लड, कुठे पक्ष्याचा पंख. एका फोटोत अंतरपाटाच्या जागी नुसता उजेड होता आणि उजेडात एक चोच. पौषात समुद्रावर भरलेला रोल त्यांनी कोरा समजून लग्नात पुन्हा घातला होता. गौरीहरापासून अंतरपाट दूर होईपर्यंतचं सगळं त्याच रोलवर होतं. ते शांतपणे, शाळेतल्या मुलाला समजावावं तसं सांगत होते: समुद्रावर ज्या फोटोत मागे आकाश होतं, तिथे फिल्म आधीच उजेडाने भरली होती, तिथलं लग्न धुऊन गेलं.

"पण जीभ?" मी विचारलं. "जीभ तुम्ही चावता ना?"

वामनराव शर्टाच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "चावली होती, बाई. कवळी खिशात होती."

त्याच दिवाळीत त्यांनी दात काढून कवळी बसवली होती. होडीत मळमळायला लागलं, ओकारीबरोबर ती समुद्रात जाईल म्हणून काढून खिशात ठेवली. रोल संपला तसा सवयीने तोंडाशी नेला, हिरड्यांनी चावला, आणि पिशवीत टाकला. जिभेवर खूण उमटलीच नाही.

तेवढ्यात सासूबाईंच्या घशातून आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदा हलवत. "अरे मेल्या," त्या म्हणाल्या, "हिरड्यांनी? अरे, माझ्याच्याने केळंसुद्धा तुटत नाही हिरड्यांनी!"

वामनराव हसले नाहीत. त्यांच्या हातात अजून एक फोटो होता, तो त्यांनी चौरंगावर पालथा ठेवला होता.

"तो का उलटा?" सासूबाईंनी विचारलं.

"तो तुमचा आहे, काकू."

त्यांनी तो स्वतः उलटून पाहिला. तुम्ही बघितलाय तोच. लाडवांच्या पाटीमागे बसलेल्या पणजी, कवळी काढून ठेवलेली, तोंड उघडं टाकून हसतायत, आणि डोक्यावर पंख उभारलेला तो पांढरा पक्षी. या एका फोटोत पक्ष्याच्या मागे आकाश नव्हतं, पहाटेच्या सावलीतला काळा डोंगर होता. डोंगराने फिल्म जवळजवळ कोरी ठेवली, म्हणून त्या जागी पणजी राहिल्या.

त्या बराच वेळ बघत होत्या. त्यांचा शेवटचा फोटो मामंजींबरोबर काढलेला होता, तरुणपणचा.

"फाडून टाकतो," वामनराव म्हणाले. "पक्षी नसता तर काय फोटो होता, काकू!"

"पाखरू कुठलं हे?"

"कुरव." ते वाकले, बोट फोटोजवळ नेलं आणि आवाज एकदम खाली गेला. "डोळा... डोळा मिळालाय यात." मग सरळ होऊन त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बघा. लेकीचं लग्न घालवलं तुमच्या, आणि मी डोळा बघतोय. बास झालं. काकू, तुमच्या पायांशी सांगतो, यापुढे समुद्र बंद. नळकांडं कपाटात."

आम्ही पुष्कळ समजावलं. ते ऐकून घेत होते, पण मान हलवत नव्हते. जाताना त्यांनी तो फोटो नेला नाही, मागितलाही नाही. जन्मभर हवा होता तो फोटो चौरंगावर ठेवून ते गेले.

शुभदा चिडली, हे सांगायला हवं. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा तिच्याकडे एकही फोटो नाही, आजही नाही. तिचा राग वाजवी होता. वामनरावांनी पुण्याला जाऊन तिच्या सासरच्या माणसांसमोर तिची माफी मागितली, तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "आई, ते एवढे वाकून बोलले की मलाच रडू आलं. आता रागावूही शकत नाही मी."

पुढचा पौष आला. सासूबाई देवळातून परतताना बाजारपेठेतून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "पौष लागला ना गो? मग वामनचं दुकान उघडं कसं?"

मी म्हटलं, "शब्द पाळतायत."

दुसऱ्या दिवशीही दुकान उघडं. सुमन येऊन सांगून गेली, की हे दिवसभर नुसते कोटाची बटणं शिवत बसतात, कावळ्यांकडेसुद्धा बघत नाहीत. सासूबाई ऐकत होत्या. संध्याकाळी त्यांनी वामनरावांना बोलावून घेतलं.

"वामन, मला ते पाखरू बघायचंय."

"आणून देतो ना फोटो दुसरे..."

"फोटो कोण मागतंय? जिवंत बघायचंय. माझ्या डोक्यावर बसलं, मला न विचारता. कुठलं आहे ते बघू तरी."

आजोबा म्हणाले, आई, या वयात होडी? त्या म्हणाल्या, या वयात नाही तर कुठल्या? कोर्टात कधी न हरलेले तुमचे आजोबा घरात पुष्कळदा हरले आहेत. ओळखीची जीप ठरली. सासूबाई, मी आणि रस्ता दाखवायला वामनराव. ते हात हलवत आले. निघताना सुमनने माझ्याकडे कापडी पिशवी दिली. "भाकऱ्या आहेत. होडीत बसल्यावरच सोडा, नाहीतर गार होतील." थंडीत पहाटे बागमांडल्याला पोचेपर्यंत कुठली भाकरी गरम राहते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

लक्ष्मण तांडेलाने सासूबाईंना अलगद उचलून होडीत दोराच्या वेटोळ्यावर बसवलं. मग वामनरावांकडे पाहिलं. "शेट, नलकांडा कुठं हाय?"

"घरी."

"नवरा आला नि मुंडावल्या घरी," तांडेल म्हणाला आणि होडी लोटली. "आजी, भ्या नाय ना वाटत?"

"मला? अरे, मी महाडचे पूर बघितलेत. हे पाणी निदान आपल्या जागेवर आहे."

खाडीच्या तोंडाशी आम्ही थांबलो. उजाडत होतं. परतणाऱ्या होड्या दिसल्या, आणि त्यांच्या मागे आधी नुसती पांढरी धूळ उडाल्यासारखी, मग पक्षी. शेकड्यांनी. आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेले की पंखांचा वारा लागत होता. सासूबाई मान वर करून, तोंड उघडं टाकून बघत होत्या. मी मात्र वामनरावांकडे बघत होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसले होते, पण प्रत्येक पक्ष्याबरोबर खांदे आपोआप फिरत होते.

"भाकरी काढ गो," सासूबाई म्हणाल्या.

मी पिशवी सोडली. वर दोन भाकऱ्या, खाली टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा, आणि त्याचं ते लांब नळकांडं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "सुमनने कालवण काय दिलंय."

वामनराव हलले नाहीत. "काकू, मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मग मी तो परत देते. लग्न शुभदाचं होतं, तिचं तू तिच्याशी बोललास. फोटो माझा बिघडला. पण माझं म्हणशील तर, मी एवढी हसले होते हे मला त्या फोटोवरून कळलं. कवळी आहे तोंडात?"

"आहे."

"दाखव."

त्या माणसाने भर समुद्रात दात दाखवले. तांडेल वल्ह्यावर डोकं टेकून हसत होता.

"मग घे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी कॅमेरा घेतला. डोळ्याला लावला, काढला, पुसला, परत लावला. पक्षी येत होते आणि जात होते, आणि खट् आवाज काही होत नव्हता. सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मागून हळूच म्हणाल्या, "वामन, श्वास सोड."

रोल संपेपर्यंत ते मग थांबले नाहीत. संपल्यावर फिल्म गुंडाळली, जीभ तोंडाशी नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी कचकन चावली. मग डबी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून दातांची खूण निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "भरलेला."

त्या रोलमध्ये एकही डोळा नव्हता. "सगळे आंधळे!" वामनराव ओसरीवर येऊन सांगत होते, आणि लग्नाचा मुहूर्त निघाल्यासारखा चेहरा फुलला होता. आम्ही पणजींच्या त्या फोटोची दुसरी प्रत काढायला लावून त्यांना दिली. ती त्यांनी स्टुडिओत काचेच्या कपाटात ठेवली. गिऱ्हाईक विचारी, ही बाई कोण? ते म्हणत, "माझ्या पक्ष्याच्या मागे बसल्यात त्या."

सासूबाई गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. वामनराव म्हणाले, पक्षी वगळून नुसता चेहरा मोठा करता येईल. आजोबा विचार करत होते. मग वामनरावांनीच सांगितलं, की काकू त्यांना बजावून गेल्या होत्या: पाखरासकट. तेराव्याला आलेले लोक नमस्कार करून मान वर करत आणि तशीच ठेवून बघत राहत.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. रोल संपले, जीभ चावायचं कारणही संपलं. वामनराव मुलांच्या परीक्षेच्या अर्जांचे फोटो त्या नव्या कॅमेऱ्याने काढत, पण पौषात जुनाच नेत. मग दोन हजार पाचच्या पावसाळ्यात सावित्री बाजारपेठेत शिरली. पाणी ओसरल्यावर मी स्टुडिओकडे गेले. दारात दोरी बांधून वामनराव फिल्मच्या पट्ट्या बादलीत धूत होते आणि कोटाच्या त्याच चिमट्यांनी वाळत घालत होते. चिखलाखाली बहुतेक पट्ट्यांवर काहीच उरलं नव्हतं. काचेचं कपाट आडवं पडलेलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, तुमचा?"

"माडीवर होता. कोरडा आहे."

"मग झालं," ते म्हणाले, आणि पुढची पट्टी बादलीत बुडवली.

त्या वर्षीच्या पौषात मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होते, श्रीवर्धनची गाडी सुटत होती. खिडकीशी वामनराव, मांडीवर तीच कापडी पिशवी. मी हात केला. त्यांनी मला पाहिलं नाही. स्टँडच्या पत्र्यावरून एक घार उतरत होती आणि ते तिच्याकडे बघत होते. गाडी वळली, घार दुसरीकडे वळली, आणि खिडकीत त्यांचे खांदे घारीबरोबर फिरले. पुढचा पौष यायच्या आत ते गेले.

स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. सुमन तिच्या भाच्याकडे असते. पुरात निगेटिव्ह गेली, वामनरावांची प्रत गेली, कोटही गेला. माझ्या भिंतीवरचा फोटो आहे. त्यात पणजी हसतायत, आणि पक्ष्याचा डोळा स्पष्ट आहे.